फराळाच्या ताटाशी तह

मराठी माणसाला उपवास शिकवायला कुणी सातासमुद्रापलीकडून यावे, ही गोष्टच मुळी गमतीची आहे. आपल्याकडे उपवासांना काय तोटा? सोमवार आहे, गुरुवार आहे, शनिवार आहे, संकष्टी आहे, महिन्याच्या दोन एकादश्या आहेत. आणि प्रत्येकाला साजेसा फराळही आहे. साबूदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, आणि इतके होऊनही पोटात जागा उरलीच तर केळ्याची शिकरण. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने कुणी केली त्याने आमच्याच स्वयंपाकघरात डोकावून ती केली असावी, असा माझा जुना संशय आहे.

पण याच आपल्या पोतडीत आणखीही काही आहे, ते आपण विसरलो. माझी आजी चातुर्मासात एकभुक्त राहायची. म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. तिची एक जाऊ ‘नक्त’ करायची, ती दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायची. कुणी धारणेपारणे करीत, एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण, असे चार महिने. आमच्या शेजारचे जैन कुटुंब चौविहार पाळते. सूर्य बुडाला की तोंड बंद. हे सारे प्रकार आता ‘इंटरमिटंट फास्टिंग’ असे भारदस्त नाव धारण करून परत आले आहेत. सोळा तास उपास आणि आठ तासांत काय ते खाणे, हा त्यातला एक प्रकार. आठवड्यात पाच दिवस नेहमीसारखे आणि दोन दिवस अगदी थोडे, हा दुसरा, बी.बी.सी.वर मायकेल मोस्ली या डॉक्टरने २०१२ साली तो दाखवला आणि विलायतेत त्याची साथच पसरली. आपल्या महाराष्ट्रात मात्र खरा गाजला तो डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मार्ग. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून त्यांनी सूत्र उचलले: कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा दिवसात जेवावे, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, एवढेच. लग्नाच्या पंगतीत हल्ली ‘आमचं दीक्षित चालू आहे’ असे म्हणून जिलबी परतवणारे दोन-चार तरी भेटतातच. उलट ‘दोन-दोन तासांनी थोडे थोडे खा’ असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकरांचे भक्तही काही कमी नाहीत. आणि हे दोन्ही पंथ एकाच घरात असले, तर त्या घरातल्या सुनेने काय करावे, हे अजून कुणा तज्ज्ञाने सांगितलेले नाही!

आता या सगळ्यात दिवाळी येते. पंचांगाचा विनोद असा की, चातुर्मास संपतो कार्तिकी एकादशीला आणि दिवाळी येते त्याच्या आधी दहा-बारा दिवस. म्हणजे आपले सर्वांत मोठे खाणे नेमके व्रतांच्या चार महिन्यांच्या पोटात दडून बसलेले आहे. आजी ते कसे निभावीत, कोण जाणे. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या सहा-सात जणांनी ते कसे निभावले, तेवढे मात्र मी सांगू शकते.

२०२३ सालच्या गणपतीनंतरची गोष्ट. आमच्या सोसायटीत रक्त तपासणीचे शिबिर झाले आणि जिन्यात ज्याच्या त्याच्या हाती कागद दिसू लागले. कुणाची साखर वर, कुणाचे कोलेस्टेरॉल वर. आमच्या ‘ह्यां’चे दोन्ही वर. तळमजल्यावर एक सिस्टर राहतात, मुंबईच्या एका इस्पितळात त्यांची नोकरी. त्यांनी ‘एच-बी-ए-वन-सी’ म्हणजे काय ते पायरीवर बसूनच सर्वांना समजावून सांगितले. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर खेळली याचा तो जमाखर्च. आदल्या दिवशी गोड न खाता तपासणीला गेलेल्यांचे सोंग तिथे उघडे पडते. त्यातून आम्ही सातजणांनी दोन वेळा जेवायचे ठरवले. दुपारी एक आणि रात्री आठ; नोकरदारांचा डबा पहिल्या वेळेला आणि घरचे ताट दुसऱ्या वेळेला. गाडीच्या वेळेवर आयुष्य बेतणाऱ्या डोंबिवलीकराला जेवणाचे वेळापत्रक काय जड?

जड गेली ती संध्याकाळची साडेपाचची वेळ. सकाळचा नाश्ता सुटला त्याचे कुणालाच वाईट वाटले नाही. परंतु साडेपाचला चहा हवा, चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत हवे, आणि ते नसले की माणूस विनाकारण दुसऱ्यावर खेकसतो. आमच्या घरात त्या आठवड्यात दोनदा कडाक्याचे भांडण झाले, तेही पडद्याच्या रंगावरून. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडेही तेच. मग त्यांनीच तोडगा काढला. साडेपाच वाजले की जो घरी असेल त्याने गच्चीवर जायचे आणि पाऊण तास चालायचे. भूक ही लाटेसारखी असते. ती चढते तशी ओसरतेही. न खाताच ओसरते. एकट्याला स्वयंपाकघरात बसून हे कळत नाही, कारण हाताशी डबा असतो. चारजण गच्चीवर शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत चालले, की सव्वासहा केव्हा वाजतात ते समजत नाही.

असा एकमेकांचा आधार घेण्याची कल्पना काही आम्ही शोधून काढली नव्हती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडेच नावाची एक गृहिणी होती. वजन सत्याण्णव किलो; डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार तिला ठाऊक होता, पण दडवून ठेवलेली बिस्किटे काही सुटत नव्हती. १९६१ साली तिने आपल्या सहा लठ्ठ मैत्रिणींना घरी बोलावले आणि बिस्किटांची गोष्ट त्यांना सांगून टाकली. तेव्हा कळले की, प्रत्येकीच्याच घरात असा एक डबा आहे! दर आठवड्याची ती बैठक वाढत गेली, आणि १९६३ मध्ये तिची ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी झाली. पुढे तिचा धंदा किती मोठा झाला याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही; पण आहारतज्ज्ञाने जे साधले नाही ते शेजारणीपुढे बोलल्याने साधले, हे मला मोठे मनोज्ञ वाटते.

आणि आता शास्त्राबद्दल दोन शब्द, कारण आमच्या गच्चीवर त्यावरून वाद झाले आहेत. आपण पोळी, भात, गोड असे काही खाल्ले की रक्तात इन्सुलिन वाढते. ते वर असेपर्यंत शरीर साठवलेल्या चरबीला सहसा हात लावीत नाही. काही तास पोटात काही गेले नाही, की यकृतातला साखरेचा साठा आधी वापरला जातो आणि मग चरबीचे कोठार उघडते. इथवर सर्वांचे एकमत. पण म्हणून घड्याळातच काही जादू आहे असे मात्र नव्हे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ स्थूल माणसांवर वर्षभर केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांनीच मोजून कमी खायचे; निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात, निम्म्यांनी वेळेचे बंधन न पाळता. वर्षाअखेर पहिल्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी उतरले आणि दुसऱ्यांचे सव्वासहा किलोंच्या आसपास. हा फरक निर्णायक नव्हे, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. माझे मत विचाराल तर, उष्मांक मोजणे ज्याला जमते त्याने खुशाल मोजावेत. मला स्वतःला पोह्यांच्या बशीपुढे बेरजा सुचत नाहीत. ‘आता नाही, आठ वाजता’ एवढे एकच वाक्य मात्र मी पाळू शकते.

दिवाळी जवळ आली तशी गच्चीवर कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले, पाच दिवस नियम गुंडाळून ठेवू. सणाच्या दिवसांत माणसाचे वजन असे वाढते तरी किती? अमेरिकेत हे मोजलेले आहे. नोव्हेंबर अखेरच्या त्यांच्या सणापासून नववर्षापर्यंत १९५ माणसांची वजने घेतली, त्याचा अहवाल २००० साली निघाला. सरासरी वाढ निघाली अवघी ३७० ग्रॅम! लोकांना स्वतःला वाटत होते त्याहून पुष्कळच कमी. पण खरी मेख पुढेच आहे. ती वाढ पुढच्या वर्षभरात उतरली नाही. वर्षाला पाव-अर्धा किलो असे दहा सण करा, आणि मग आपल्या लग्नातला कोट का बसत नाही याचे नवल करीत बसा.

नियम मोडायचा नाही, पण सणही मोडायचा नाही, असे शेवटी ठरले. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला आले होते. पहाटे पाचला उटणे लावून अंघोळ, कारीट फोडणे, आणि मग लगेच फराळ, हा क्रम कोण सोडणार? म्हणून त्या दिवसापुरते घड्याळ पुढेमागे केले. सकाळचा फराळ हेच पहिले जेवण, ताटात काय हवे ते घ्या, पण ते एकदाच घ्या. आणि दुसरे जेवण पूजेनंतर. मधे चहादेखील नाही. बाकीच्या दिवशी फराळाचे पदार्थ जेवणाच्या ताटातच, पोळीच्या जागी. मुठीएवढा बेसनाचा लाडू म्हणजे साधारण दोन पोळ्यांचा ऐवज आहे, तेव्हा लाडू घेतलात तर पोळ्या परत करा, असा सरळ हिशेब.

राहिला प्रश्न दुसऱ्यांच्या घरचा. आपल्याकडे पाहुण्याने नको म्हणायचे असते आणि यजमानिणीने ते ऐकायचे नसते. ‘अहो, एक तरी घ्या’, ‘घरचं तूप आहे’, ‘चकली यंदा कशी झालीय ते तरी सांगा’, आणि शेवटचे ब्रह्मास्त्र, ‘आमच्याकडचं गोड नाही वाटतं लागत?’ यापुढे भीष्माची प्रतिज्ञाही टिकायची नाही. इथे एकट्याचा निश्चय कुचकामाचा. तेव्हा आमच्या सात घरांनी आपसात करार केला की, एकमेकांना आग्रह करायचा नाही. दारात आलेल्याला पाणी द्यायचे, ताटली समोर ठेवायची, त्याने ताटलीला हात लावून नमस्कार करायचा, आणि ती ताटली डब्यात घालून बरोबर द्यायची. घरी जाऊन त्याने ती जेवणाच्या वेळी खावी. डबा परत करताना चकली कशी झाली ते सांगणे मात्र सक्तीचे! मी सांगते, चकलीबद्दल इतकी मनापासून चर्चा त्याआधी आमच्या जिन्यात कधी झाली नव्हती. एरवी बोलता बोलता चार चकल्या जातात आणि कुठल्या घरी काय खाल्ले ते आठवतही नाही.

पण पहिल्या मजल्यावरच्या आजींचे काय करायचे, हे करारात कुणाच्या लक्षात आले नव्हते.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. दोन्ही मुले अमेरिकेत. दिवाळी आली की त्यांच्या घरी आठ दिवस आधीपासून भाजणीचा वास सुटतो. चिरोट्यांचा साटा त्या अजून स्वतः फेसतात, आणि अनारसे तर त्यांनीच करावेत. आमच्या पिढीतल्या बहुतेकींचे अनारसे तुपात सोडताच हसतात. आजींचे कधी हसत नाहीत, नुसती जाळी पडते. हे सारे त्या करतात ते इमारतीसाठी. मुले वाढली ती त्यांच्या करंज्यांवर. त्या वर्षी पहिल्याच दिवशी एकामागून एक सातजण त्यांच्या दारात जाऊन, ताटलीला नमस्कार करून, डबा घेऊन परतले. सातव्या मी होते. आजी काही रागावल्या नाहीत. डबा भरता भरता एवढेच म्हणाल्या, “अगं, मग मी तळायचं कुणासाठी? डब्यात काय, कुरियरवालाही नेतो.”

त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर कुणी फारसे बोलले नाही. खाणे ही नुसती पोटात घालायची वस्तू असती तर आहाराची सगळी पुस्तके यशस्वी झाली असती. आजींना लाडू खपवायचे नव्हते, त्यांना समोर बसून खाणारी माणसे हवी होती. शेवटी वहिनींनी सुचवले की, पाडव्याचे दुसरे जेवण सातही घरांनी आजींकडेच करावे. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ न्यायचा, पण फराळ आजींचा. रात्री आठ ते नऊला पाच कमी, दीक्षितांच्या ५५ मिनिटांत बसेल असे. चौदाजणांची पंगत झाली, सतरंज्या खालून आणल्या. आजींनी आग्रह केला, आणि त्या रात्री आग्रह माफ होता. त्यांना स्वतःला मात्र कुणी या नियमात ओढले नाही. सिस्टरांनी आधीच बजावले होते की, त्यांचे वजन मुळात कमी आहे, आणि अशा वयाला उपासाने चरबीबरोबर स्नायूही झडतात.

सिस्टरांचा आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो हसण्यावारी न्यायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मधुमेह. ग्लिमेपिराइडची गोळी ते सकाळी सातला घेतात ती वर्षानुवर्षांच्या सवयीने. १२ नोव्हेंबरच्या पहाटे त्यांनी गोळी घेतली, पण फराळ मुलगी-जावई आल्यावर करू म्हणून मागे ठेवला आणि नातीला घेऊन फडके रोडला गेले. डोंबिवलीकरांना सांगायला नको, त्या सकाळी गणेश मंदिराच्या रस्त्यावर नवे कपडे घातलेल्या तरुणांचा केवढा मेळा भरतो ते. आमचे ‘हे’ बरोबर होते. दहाच्या सुमाराला काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि नातीचे नाव ते दोनदा चुकले. ह्यांनी घाबरून सिस्टरांना फोन लावला. ह्यांच्या खिशात मुलांसाठी घेतलेला लाडू होता, तोच भरवू का म्हणून विचारले. सिस्टर फोनवर ओरडल्याच: “लाडू नको! तुपामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. नुसती साखर द्या, तीन चमचे, पाण्यात.” शेजारच्या सरबतवाल्याने लिंबू न पिळता साखरेचे पाणी दिले, आणि पंधरा मिनिटांत काका माणसात आले. आणखी पंधरा मिनिटांनी त्यांना बसवून पोटभर खायला घातले.

झाले होते ते इतकेच की गोळीने आपले काम केले, पण त्या कामाला लागणारे अन्न पोटात नव्हते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिनचे इंजेक्शन साखर खाली ओढतात. जेवण चुकले तरी ओढतच राहतात. ७० च्या खाली साखर गेली की धोक्याची घंटा समजावी. घाम, कंप, धडधड, चिडचिड, आणि बोलण्यात गोंधळ, ही तिची लक्षणे. उपासाच्या चिडचिडीत ती लपून जातात, हे विशेष. काकांच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात गोळीची मात्रा कमी केली आणि ती जेवणाला बांधली. आमच्या गच्चीवरही त्यानंतर एक नियम कायम झाला: ज्याला मधुमेहाचे औषध चालू आहे त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही जेवण हलवायचे नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढती मुले, आणि खाण्यावरून ज्यांच्या मनाला कधी आजार जडला होता अशी माणसे, यांनी तर या वाटेला जाऊच नये. तळमजल्यावरची कॉलेजातली एक मुलगी आमच्यात येऊ पाहत होती. ती आधीच काडीसारखी. वहिनींनी तिला चालायला बोलावले आणि जेवायच्या वेळा विचारायचेच बंद केले.

२०२४ च्या दिवाळीपर्यंत आमचा आकडा थोडा बदलला. एक बिऱ्हाड गळले, ‘सासरचे लोक नावे ठेवतात’ एवढेच कारण देऊन. त्यांना कुणी टोचले नाही. दोन नवी आली. काका अजून आहेत, त्यांचा ‘एच-बी-ए-वन-सी’ आठच्या वरून सातच्या खाली आला आहे. त्याचे श्रेय उपासाला किती आणि गच्चीवरच्या चालण्याला किती, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. ‘ह्यां’चे वजन साडेचार किलोंनी उतरले, त्यातले एक दिवाळीत परत चढले आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा उतरले. माझे स्वतःचे म्हणाल तर दोनच किलो. पण साडेपाचला पडद्याच्या रंगावरून भांडण होत नाही.

आजींनी त्या वर्षी अनारसे केले नाहीत. हात दुखतात म्हणाल्या. खरे कारण तेच की आणखी काही, ते मला कळले नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. पाडव्याची पंगत मात्र त्यांच्याकडेच झाली, सोळाजणांची. अनारशाचे पीठ वहिनींनी भिजवले, तांदूळ तीन दिवस पाण्यात घालून, रोज पाणी बदलून, आजींनी खुर्चीत बसून सांगितल्याप्रमाणे. पहिले चार तुपात सोडताच हसले. पाचव्याला थोडी जाळी पडली. आठ वाजायला अजून वीस मिनिटे होती, म्हणून तो कुणी चाखून पाहिला नाही, आजींनी खाल्ला, आणि म्हणाल्या, “गूळ थोडा कमी घाल. आणि आच मंद ठेव गं, घाई कशाला करतेस?”